वरच्या मजल्यावरची बिस्किटं

माझ्या सासूबाईंनी एखादी गोष्ट ठरवली की ठरली. मग वरून साक्षात देव उतरला तरी त्या त्याला "आधी पाय पुसा" म्हणून दारात उभा करतील. त्यामुळे जेवताना त्यांनी आवाज खाली आणून "यंदा नाताळला घरात ओव्हन लावायचा नाही" असं सांगितलं, तेव्हा मी आणि माझा नवरा ताटात बघत जेवत राहिलो.

कारण शेजारच्या खोलीत होतं. उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन झालं, आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडातून पाण्याचा थेंबही आत जात नाही. पोटाला नळी बसवली आहे. दिवसातून चार वेळा त्या नळीतून पातळ, मातकट रंगाचं अन्न सोडायचं. आवाज पार बसला आहे, कुजबुजतात तेवढंच. हे असं कुणाचं व्हावं, तर ज्या माणसाने उभा जन्म खाण्यावर प्रेम केलं त्याचं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. इतर अकरा महिने घरी आल्यावर त्यांना वर्तमानपत्र लागायचं. डिसेंबरात मात्र ते हात धुऊन सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी बुटकं स्टूल घेऊन बसायचे. घरचा नियम असा की अख्खी बिस्किटं डब्यात आणि तुटकी बाबांना. अंडं फोडताना बलकाला ओरखडासुद्धा न येऊ देणाऱ्या सासूबाईंच्या हातून डिसेंबरात दर ट्रेमागे पाच-सहा बिस्किटं हमखास तुटायची. "आज हाताला काय झालंय कोण जाणे," असं म्हणत त्या बशी पुढे करायच्या, आणि बाबा फार दुःखी चेहरा करून ती रिकामी करायचे.

"त्यांना वास जाईल," सासूबाई म्हणाल्या. "भाजलेल्या लोण्याचा वास घरभर आणि ते तिथे नळी लावून पडलेले. कसाईसुद्धा असा छळ करत नाही."

"पण आई, ओव्हन थंड ठेवायचा म्हणजे..." मी म्हटलं.

"माहितीये मला. तू मला शिकवू नकोस."

आमच्या इमारतीत ही जुनी पद्धत आहे. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं, त्या घरात नाताळला काही भाजत नाहीत. शेजारी बशी आणून देतात. माझ्या आजेसासूबाई गेल्या त्या वर्षी आमचा ओव्हन बंद होता, एवढंच एकदा.

"ती पद्धत गेलेल्यांसाठी," सासूबाई म्हणाल्या. "हे आहेत. आणि त्यांना त्यातलं काही कळायची गरज नाही."

पण बिस्किटं करायचीच नाहीत, हेही त्यांना झेपणारं नव्हतं. थोरला मुलगा बायकामुलांना घेऊन येणार, नर्सबाईंना काहीतरी द्यायचं, माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात डबा न्यायचा. सणाला पाहुणा आमच्या दारातून हात हलवत गेला असता तर सासूबाईंना रात्री झोप लागली नसती. म्हणून मधला मार्ग निघाला, आणि तो जिन्याने वर जात होता. बरोबर आमच्या डोक्यावर शिंपीणकाकू राहतात. एकट्याच. त्यांच्याकडे ओव्हन आहे, पण त्यात गेली कित्येक वर्षं दोऱ्याची रिळं आणि अस्तराचे तुकडे होते. काकूंनी ते सगळं पलंगाखाली सरकवलं आणि ओव्हन आमच्या हवाली केला.

मग सुरू झाली आमची चोरी. मैदा आणि साखर मी बादलीत घालून वर न्यायची, वर ओले कपडे पसरून, म्हणजे बाबांच्या खोलीवरून जाताना वाटावं की गच्चीत वाळत घालायला चालले आहे. लोणी नवऱ्याच्या बॅगेतून वर जायचं. लाटणं सासूबाईंनी एकदा थेट पदराखाली लपवून नेलं, तेव्हा त्या इतक्या ताठ चालत होत्या की बाबांनी "कंबर धरलीय का?" असं विचारलं. खाली येताना त्याहून मोठं दिव्य. वरच कपडे बदलायचे, केसांना फडकं बांधून ठेवलेलं असायचं ते सोडायचं, कोपरापर्यंत हात लिंबाने चोळायचे. सासूबाई माझी मान हुंगायच्या आणि "दालचिनी येतेय, परत धू" म्हणून मागे पाठवायच्या. लग्नाआधी मी भावी नवऱ्याला भेटून घरी जायचे तेव्हाही माझ्या आईने माझी एवढी झडती घेतली नव्हती.

मला हा सगळा प्रकार पटत नव्हता, आणि मी तसं नवऱ्याला म्हणालेही. तो म्हणाला, "तू जाऊन सांग तिला." म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की ह्या घरात सून आठवते. मी नाही सांगितलं. एक तर कुणाची हिंमत, आणि दुसरं म्हणजे वर बरं वाटायचं.

खरंच बरं वाटायचं. खाली आम्ही सगळे चवड्यांवर चालत होतो. भांडं आपटायचं नाही, रेडिओ नाही, मोठ्याने बोलायचं नाही. सासूबाई बाबांशी इतक्या गोड बोलायला लागल्या होत्या की ऐकवत नसे. ज्या बाईने चाळीस वर्षं "अहो, ऐकू येतंय का, की कान पण लिफ्टमध्ये ठेवून आलात?" अशा भाषेत संसार केला, ती आता "बरं वाटतंय ना? उशी देऊ का?" म्हणत होती. वर काकूंकडे मात्र शिलाईमशीनवर परात ठेवून आम्ही पीठ मळायचो. काकू स्वयंपाकात यथातथाच. पोळी किती जाड लाटायची हे त्यांना डोळ्याने कळेना, म्हणून त्यांनी गळ्यातली टेप काढून पीठ मोजलं आणि खडूने पिठावर खूणही केली. पहिल्या ट्रेतल्या बिस्किटांच्या चांदण्या फुगून अशा काही बाहेर आल्या की बेडकांची सभाच. काकू गंभीरपणे म्हणाल्या, "शिलाईला जास्त कापड सोडलं वाटतं."

सासूबाई हसल्या. आधी फिसकन, मग तोंडावर पदर धरून, मग तो पदर सुटला. हसता हसता त्या जमिनीवरच बसल्या, हात मैद्याने भरलेले, डोळ्यांतून पाणी, आणि तोंडाने "अगं बाई, अगं बाई". ऑपरेशननंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. त्यानंतर रोज दुपारी वर काही ना काही निमित्त निघायचंच. डबे भरत गेले. आल्याची बिस्किटं, जॅमची, संत्र्याची साल घातलेली, वर साखरेचं आयसिंग ओतलेली. तुटकी बिस्किटं कुणी खायची हा प्रश्न कुणी काढला नाही. ती एका कागदी पिशवीत जमत राहिली.

आणि खाली बाबांनी अन्न सोडलं.

आधी लक्षात आलं नाही. ते तारीख विचारायचे. एकदा "बिस्किटांचे साचे कुठे आहेत?" विचारलं, सासूबाई "आहेत हो जागेवर" म्हणून विषय बदलून मोकळ्या झाल्या. त्या आठवड्यात एकदा दुपारी मी अन्न घेऊन गेले तर त्यांनी नळीवर तळहात ठेवला. "नको." मला वाटलं पोट भरलं असेल. संध्याकाळीही नको. दुसऱ्या दिवशी चारातलं एकदाच घेतलं, तेही सासूबाई रडवेल्या झाल्या म्हणून. नर्सबाई आल्या, त्यांनी नळी तपासली, जखम पाहिली, वजन केलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "बाकी सगळं ठीक आहे. पण त्यांनी मनावर घेतलं नाही तर फार दिवस निघणार नाहीत. अंगात काही शिल्लक नाहीये आता."

माझा पारा चढला. मी राग कुणावर काढावा हे कळत नसलं की समोर असेल त्याच्यावर काढते.

"बाबा, लहान मुलासारखा हट्ट करताय तुम्ही. आम्ही सगळे रात्रंदिवस राबतोय, आणि तुम्ही नुसता हात ठेवून मोकळे."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "हट्ट नाही, पोरी. तुमचं ठरलंय ना सगळं? मग मी कशाला अडकून बसू?"

मला अर्थ लागला नाही. ठरलंय म्हणजे काय, डॉक्टरांची पुढची तारीख? मी नळी धुतली आणि बाहेर आले. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यांना वास आला असणार. तू नीट धुतलं नाहीस." दुसऱ्या दिवसापासून लिंबासोबत व्हिनेगरही आलं.

नाताळ चार-पाच दिवसांवर आला होता. दुपारी सासूबाई वर होत्या, मी घरी. बेल वाजली. समोरच्या मास्तरीणबाई उभ्या होत्या. शाळा सोडून त्यांना जमाना झाला, पण अजून प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं बोलतात. हातात बशी होती आणि तिच्यावर पांढरा रुमाल.

"तुमच्याकडे यंदा ओव्हन नाही असं समजलं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, पद्धत ती पद्धत. आपल्याकडून चुकायला नको."

"अहो पण बाई, आमच्याकडे कुणी..." बाबांची कॉट खोलीच्या दारातून थेट बाहेरचं दार दिसेल अशी लावलेली आहे. मी वळून पाहिलं. ते त्या पांढऱ्या रुमालाकडे बघत होते.

"घे," बाबा म्हणाले. कुजबुजच, पण घरात इतकी शांतता होती की बाईंनाही ऐकू गेली.

"बाबा!"

"घे, पोरी. बाईंचा काय दोष? ओव्हन तुम्हीच थंड केलात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि आपण काय करून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं. बशी माझ्या हातात कोंबून त्या जवळजवळ पळतच आपल्या घरात शिरल्या. मी ती बशी घेऊन खोलीत तशीच उभी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं ते मला तेव्हा कळलं.

"डॉक्टर तुम्हाला काहीतरी बोललेत," बाबा म्हणाले. एकेका शब्दाला थांबत. "मला सांगितलं नाहीत. नाताळपर्यंत मी राहणार नाही, असं. म्हणून हिने आधीच ओव्हन बंद ठेवला. ती तशीच आहे, सगळं आधीपासून करून ठेवणारी. राग नाही माझा. पण मग ती नळी धुवायचा त्रास तरी कशाला घेता?"

मी "नाही हो, नाही, तसं नाही" एवढंच म्हणत राहिले, आणि मग पायात चप्पलही न घालता वर धावले.

सासूबाईंना मी काय आणि कसं सांगितलं ते मला आठवत नाही. त्या हातातला ट्रे तसाच ठेवून उठल्या. कपडे बदलले नाहीत, हात धुतले नाहीत. भरलेले डबे दोन्ही हातांत घेतले, उरलेले माझ्या हातात दिले, आणि जिना उतरताना त्या स्वतःशीच म्हणत होत्या, "म्हणजे काय, म्हणजे मी काय त्यांना..."

कॉटवर, बाबांच्या पायांशी त्यांनी डबे मांडले आणि एकेक झाकण उघडलं.

"हे बघा. बघा ना! केलंय सगळं. दोन आठवडे करतेय. वर, शिंपिणीकडे. तुम्हाला वास जाऊन त्रास होऊ नये म्हणून वर गेलो. कुठल्या तोंडाने मी तुमचं... डॉक्टर काही बोललेले नाहीत. हे घ्या, वास घ्या, खोटं वाटत असेल तर." आणि त्यांनी आल्याचं एक बिस्किट त्यांच्या नाकाशी धरलं. एवढे दिवस ज्या वासाला आम्ही लिंबाने आणि व्हिनेगरने खरवडून काढत होतो, तो सगळ्या खोलीत भरून राहिला.

बाबांनी मान हलवली. "येत नाही."

"काय येत नाही?"

"वास. रेडिएशन झालं तेव्हापासून. काहीच येत नाही."

सासूबाईंच्या हातात बिस्किट तसंच धरलेलं. "मग सांगितलं का नाहीत?"

"विचारलं नाहीस."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. बाबा डब्यांकडे बघत होते. मला वाटलं, आता त्यांचा जीव भांड्यात पडला असेल. आपल्याला आधीच गेलेलं धरलं नव्हतं, हे कळलं म्हणजे मन वळेल, संध्याकाळी नळीवरचा हात काढतील. पण त्यांनी बोट पुढे करून जॅमच्या बिस्किटांना जरासा स्पर्श केला, आणि त्यांचा चेहरा आधीपेक्षाही उतरला.

"म्हणजे झालाच की नाताळ," ते म्हणाले. "सगळे डबे भरले."

"अहो, तुमच्यासाठीच..."

"मला लाटणं ऐकू यायचं वरून. धप धप. मला वाटलं, शिंपिणीकडे पाहुणे आलेत." ते थांबले. दम घेतला. "मग तुझं हसणं ऐकू आलं. मला वाटलं, भास होतोय. शेवट जवळ आला की होतात म्हणतात. इथे तू कधी हसत नाहीस ना."

सासूबाई खाली बसल्या. कॉटच्या काठावर, डबे बाजूला न सारताच.

मग त्या ताडकन उठल्या. "आत्ता करते. इथे. आत्ताच्या आत्ता लावते ओव्हन." त्यांनी मैद्याचा डबा काढला, परात खाली आपटली, मुद्दाम आपटली. मीही जोर लावला. खोलीचं दार सताड उघडं ठेवलं. "आई, हे काय पीठ आहे की सिमेंट?" असं मी मोठ्याने म्हटलं, चिडाव्यात म्हणून. एरवी एवढ्यावर त्यांनी माझ्या माहेरच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या म्हणाल्या, "हो गं, घट्टच झालंय जरा." इतक्या नरमाईने, की मला माझीच लाज वाटली. मी बेडकांची गोष्ट काढली. त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. घशातून खाकरल्यासारखं काहीतरी निघालं आणि संपलं.

आतून कॉटवर बोटं वाजली. आम्ही दोघी गेलो.

"तू वर जा," बाबा सासूबाईंना म्हणाले.

"नाही. मी इथेच..."

"वर जा. इथे तुला जमत नाही. मी इथून ऐकतो." मग माझ्याकडे वळून, जणू मोठी सवलत देत असल्यासारखे म्हणाले, "ही वर हसली की मला जेवण दे."

सासूबाई गेल्या. मळलेलं पीठ परातीसकट घेऊन, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत गेल्या. मी अन्न कोमट करून आणलं आणि नळी हातात धरून कॉटशेजारी बसले. बाबांनी डोळे मिटून घेतले होते, चेहरा छताकडे. थोड्या वेळाने वर लाटण्याचा आवाज सुरू झाला. धप, धप. थांबला. परत सुरू झाला. काकू काहीतरी बोलल्या, शब्द कळले नाहीत. माझ्या हातातलं भांडं गार होत चाललं होतं. मी मनात म्हणत होते, हसा हो आई, एकदा हसा, खोटं खोटं का होईना.

आणि मग वरून आवाज आला. मोठा, तुटत तुटत येणारा, मधेच श्वास अडकल्यासारखा, आणि थांबायचं नाव न घेणारा. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाबांचं सोडा, ह्या घरात चार वर्षं काढलेल्या मलाही तो कसला आवाज आहे ते पहिल्या क्षणी कळलं. काकूंचं "असं नको, असं करू नका" हेही ऐकू आलं.

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

"हसली," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "हसल्या."

त्यांनी नळीवरचा हात बाजूला घेतला, आणि मी नळीचं झाकण उघडलं.